घानी गल्लीचा शेवटचा नळ

वनमालाबाई काळमेघ कुठलीही वस्तू खाण्यापिण्याआधी तिचा वास घेत. नाक थेट भांड्यावर नेत नसत. तळहाताने वारा घातल्यासारखं करून वास आपल्याकडे ओढत. माझ्याच डब्यातल्या आमटीचं त्यांनी पहिल्यांदा असं केलं तेव्हा मला राग आला होता. नंतर कळलं की ती कामाची सवय आहे. एकतीस वर्षं त्यांनी मुलींच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून काम केलं होतं. काचेची नळकांडी धुणं, द्रावणं तयार करणं, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवणं, आणि मुलींनी काही सांडलं तर मॅडम येण्याच्या आत निस्तरणं. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचं. पण झाकण उघडलं की बाटलीत काय आहे ते त्या सांगायच्या, आणि नव्याने लागलेल्या प्राध्यापिका त्यांनाच विचारून प्रयोग मांडायच्या.

मी त्यांची भाडेकरू. छत्तीसगडात नवा रायपूरला सरकारी सांख्यिकी कार्यालयात नोकरी लागली म्हणून नाशिकहून आले, आणि जुन्या रायपुरात तात्यापाऱ्यातून पुरानी बस्तीकडे जाणाऱ्या घानी गल्लीत त्यांच्या घराचा वरचा मजला घेतला. गल्लीत कधीकाळी तेलाची घाणी होती म्हणे. मी आले तेव्हा नाव तेवढं उरलं होतं. अरुंद गल्ली, त्रेचाळीस घरं, दोन्ही बाजूंनी उघडी नाली, आणि त्या नालीतूनच घराघरांत गेलेले नळाचे गंजके पाइप. वनमालाबाई मूळच्या वरूडच्या. लग्न होऊन इथे आल्या तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. नवरा शामराव पोस्टात कारकून. ते जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा यशदीप हैदराबादला. तो आईशी फोनवर हिंदीत बोले, आई वऱ्हाडीत उत्तर देई, आणि दोघांनाही त्यात काही विशेष वाटत नसे.

शामरावांनी घरासाठी केलेली शेवटची मोठी गोष्ट म्हणजे टुल्लू पंप. गल्लीत सकाळी सहाला तासभर पाणी यायचं, पण धार करंगळीएवढी. शामरावांनी नळाच्या पाइपालाच एक छोटी मोटर बसवून घेतली. बटण दाबलं की ती लाइनमधलं पाणी ओढून थेट गच्चीवरच्या टाकीत चढवायची. माझ्या मजल्यावर दिवसभर पाणी असायचं ते तिच्यामुळे. बघता बघता अर्ध्याअधिक गल्लीने मोटरी बसवल्या. सकाळी सहाला सगळ्या एकदम सुरू व्हायच्या, आणि मला त्या घरघरीनेच जाग यायची.

गल्लीच्या टोकाला हरिदास साहूंचं घर होतं. पुढच्या खोलीत सायकल दुरुस्तीचं दुकान, मागे दोन खोल्या. त्यांच्या घरी मोटर नव्हती, आणि त्यांचा नळ गल्लीतला शेवटचा. एकदा त्यांची बायको लता आमच्या दारात येऊन म्हणाली होती, "दीदी, तुम्हारा मोटर चलता है तो हमारे नल से हवा निकलती है." वनमालाबाई कपडे वाळत घालत होत्या. त्या वळल्याही नाहीत. "तो तुम भी लगवा लो," एवढंच म्हणाल्या. लता निघून गेली. त्यानंतर दोघींचं बोलणं दिवाळीच्या ताटापुरतं राहिलं.

तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये एका सकाळी वनमालाबाई जिना चढून वर आल्या. गुडघ्यांमुळे त्या सहसा वर येत नसत. हातात स्टीलचा पेला होता.

"पाणी प्यायली का तू?"

"अजून नाही. का?"

"नको पिऊ. वास येऊन राह्यला. उकळून घे. चांगलं खळखळ उकळ, नुसतं कोमट नको करू."

मी पेला नाकाशी धरला. मला काही कळलं नाही. पण त्यांच्या नाकावर माझा विश्वास बसला होता, म्हणून पातेलं गॅसवर ठेवलं. त्याही खाली जाऊन पाणी उकळायला लागल्या. गल्लीत त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पुढे हे त्यांनी मला कितीदा तरी बोलून दाखवलं. "मले वाटलं, वास काय माह्या एकटीच्याच नाकाले येते का. सगळ्यायले येत असन. एवढी गल्ली चालून गेली असती तं काय झालं असतं मले?"

हरिदास आणि लताची एकुलती एक मुलगी ममता तेव्हा पहिल्या बाळंतपणासाठी बिलासपूरहून माहेरी आलेली होती. सातवा महिना सरत आला होता. संध्याकाळी मी ऑफिसच्या बसमधून उतरून यायची तेव्हा ती बापाच्या दुकानात स्टुलावर बसून पंक्चरला लावायच्या रबराचे तुकडे कापत असायची. आई आतून ओरडायची, तरी उठायची नाही. मला बघितलं की विचारायची, "दीदी, आज गाडी लेट?"

महिन्याच्या शेवटी तिला ताप आला. मग उलट्या, मग डोळे पिवळे झाले. घाणेरड्या पाण्यातून होणारी कावीळ, डॉक्टरांनी सांगितलं, आणि गरोदर बाईला ती फार जड जाते. नऊ दिवसांनी ममता गेली. पोटातलं बाळही गेलं. तोवर गल्लीत आणखी सोळा जणांना कावीळ झाली होती. ती माणसं हळूहळू बरी झाली.

पाणीखात्याची गाडी आली. समाजभवनात तपासणी शिबिर लागलं, घरोघर क्लोरीनच्या गोळ्या वाटल्या गेल्या. वस्तीला पाणी पुरवणाऱ्या उंच टंकीतल्या पाण्याचा नमुना नेला, आणि चार दिवसांनी सांगितलं की पाण्यात काही दोष नाही.

ममताचं दशगात्र, म्हणजे दहाव्याचा विधी, झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी वनमालाबाई त्यांच्या जुन्या कॉलेजात गेल्या. विभागप्रमुख शर्मिष्ठा मॅडमना त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही; येताना त्यांच्या पिशवीत काचेच्या सहा नळ्या, पाण्यातलं क्लोरीन तपासायच्या औषधाची थेंबाची बाटली आणि बुडाशी पांढरी पट्टी असलेल्या चार छोट्या बाटल्या होत्या. त्या बाटल्यांत पाणी भरून ठेवायचं. घाण मिसळलेली असेल तर दीड-दोन दिवसांत पाणी काळं पडतं. साहूंच्या नळाचं पाणी दुसऱ्या दुपारीच काळं पडलं. ती बाटली घेऊन त्या पाणीखात्याच्या झोन ऑफिसात गेल्या. मी रजा काढून सोबत गेले.

तिथले उपअभियंता देवदत्त वर्मा पस्तिशीचे होते. बोलणं सौम्य, चेहरा दमलेला, टेबलावर फायलींचा ढीग. त्यांनी बाटली उजेडाकडे धरून पाहिली.

"माताजी, टंकी का सैंपल पास है. क्लोरीन बराबर है."

"टंकी का पानी कोई नहीं पीता, साहब. हम नल का पीते हैं."

वर्मांनी बाटली खाली ठेवली. मग म्हणाले की शहराला चोवीस तास पाणी द्यायची नवी योजना येते आहे, तिच्या अटीत प्रत्येक वॉर्डाची एक नागरिक जल समिती हवी, आणि या वॉर्डातून बायकांची एक जागा भरायची राहिली आहे. नाव देता का? कुठल्या तरी कागदावर नाव टाकून म्हातारीची बोळवण करायची, एवढाच त्यांचा विचार असावा. वनमालाबाईंनी फॉर्म तिथेच भरला आणि विचारलं, "बैठक कब है?"  त्या समितीची बैठक कधी झालेलीच नव्हती.

"तो अभी डेढ़ महीना टाइम दीजिए," त्या म्हणाल्या. "फिर बैठक बुलाइए. हम पूरा गली नाप के लाते हैं."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सहाला आम्ही दोघी निघायला लागलो. "तू आकड्यायची बाई आहेस," त्या मला म्हणाल्या. "मी रंग पायतो, तू लिव." नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं, पांढऱ्या कागदासमोर धरायचं. क्लोरीन असलं की पाणी पिवळं होतं. गल्लीच्या तोंडाशी नळी छान पिवळी व्हायची. विसाव्या घरापाशी रंग फिका पडायचा. साहूंच्या नळाशी पाणी पाण्यासारखंच राहायचं. लता दार उघडायची, बाजूला व्हायची, आम्ही नळी भरून घ्यायचो. एक शब्द ती बोलायची नाही. वनमालाबाई मात्र रोज निघताना म्हणायच्या, "उबालकर पीना, लता." ती मान हलवायची.

माझा कयास असा होता की पाइप जिथे फुटला असेल तिथून पुढे पाणी खराब होतंय. जागा सापडली की खात्याला दाखवायची. वनमालाबाईंनाही तसंच वाटत होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी सहाच्या आधीच लाइट गेली. आम्ही नेहमीसारख्या निघालो. साहूंच्या दारी पोहोचलो तर लता बादल्या, हंडे, पातेली सगळं काढून भरत होती. त्यांच्या नळाला एवढी धार मी कधी पाहिली नव्हती. वनमालाबाईंनी नळी भरली, थेंब टाकले. पाणी पिवळं झालं.

त्यांनी ते ओतून दिलं. नळी तीनदा विसळली आणि पुन्हा केलं. पुन्हा पिवळं.

"स्नेहल, टाइम लिव," त्या म्हणाल्या आणि उंबऱ्यावर बसल्या. मी वेळ लिहिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की गल्लीत आज घरघर नाही. नालीपलीकडच्या घरात कुणीतरी खोकलं ते मला स्पष्ट ऐकू आलं.

घरी येऊन त्यांनी कपाटातून सलाइनची एक जुनी नळी काढली आणि तिला सुईने भोक पाडलं. परातीत पाणी घेऊन त्यात कपड्यांची नीळ कालवली. नळीचा मधला भाग त्या निळ्या पाण्यात बुडवला. एका टोकाला फनेल लावून मला वरून तांब्याने पाणी ओतायला लावलं. दुसऱ्या टोकाने स्वच्छ पाणी पेल्यात पडत राहिलं. मग त्यांनी ते टोक तोंडात धरून जोरात ओढलं आणि पेल्यात थुंकल्या. पेल्यातलं पाणी निळं होतं.

"पाणी आपल्या जोरानं वाह्यलं तं भोकातून बाहीर गळते. ओढलं तं बाहीरचं आत येते. आपले पाइप नालीत पडले हायेत. भोकं तं त्यायले असणारच." त्यांनी ओठ पदराने पुसले. "आपण ओढून राह्यलो, बाई. आपण ओढतो अन् ते वाहून तिच्या घरी जाते."

 मी म्हटलं, एका दिवसाच्या आकड्यावरून असं म्हणता येत नाही. त्यांनाही ते पटलं. जूनमध्ये रायपुरात लाइट जायला काही कमी नसते. आणखी दोन सकाळी तशा मिळाल्या, आणि दोन्ही वेळा शेवटच्या नळाचं पाणी पिवळं झालं. लाइट असलेल्या अठरा दिवसांत एकदाही झालं नव्हतं.

"मीच ह्यायच्या मागं लागली होती वर्षभर, मोटर लावा म्हणून," तिसऱ्या सकाळी त्या म्हणाल्या. एरवी त्या जेवणानंतर माझ्याशी तासभर गप्पा मारायच्या. पुढचे तीन दिवस त्यांनी गप्पा मारल्या नाहीत.

चौथ्या दिवशी प्लंबर आला आणि मोटर काढून गेला. खरं सांगायचं तर मला ते आवडलं नाही. भाडं मी वरच्या टाकीचं देत होते. आता अंगणातल्या नळावरून बादल्या वर न्याव्या लागत होत्या आणि ऑफिसची बस पावणेनऊला होती. यशदीपनेही फोनवर तेच म्हटलं, "आई, अकेले आपके निकालने से क्या होगा? पच्चीस घरों में और लगा है." त्यांनी उत्तर दिलं, "पंचवीस घरं माह्या नावावर नाहीत, बाप्पा. हे एक आहे."

त्या संध्याकाळी त्या साहूंकडे गेल्या. मला सोबत चल म्हणाल्या. हरिदास चाकाचे आरे बसवत होते. त्यांनी स्टूल पुढे केलं. वनमालाबाई त्यावर बसल्या नाहीत, त्या खाली पोत्यावर बसल्या. लता आतल्या दाराशी उभी राहिली.

वनमालाबाईंनी सगळं सांगितलं. नळ्यांचे रंग, लाइट गेल्याच्या तीन सकाळी, नालीतले पाइप, मोटरी. मोडक्यातोडक्या हिंदीत, काही न गाळता. वास आला होता आणि आपण सांगायला आलो नाही, हेही सांगितलं. "हमारे घर से भी वो पानी आया होगा, भैया. मैं नहीं बोल सकती कि नहीं आया."

हरिदासांनी चाक भिंतीला टेकवलं. मग म्हणाले, "जाने दो, दीदी. तुम जानबूझकर थोड़े..."

"कैसे जाने दें," लता मध्येच म्हणाली. आवाज चढला नव्हता. ती वनमालाबाईंकडे पाहत होती. "मैं आई थी तुम्हारे दरवाज़े पर. बोली थी."

"हव," वनमालाबाई म्हणाल्या. "बोली थी."

"तुमने पलटकर देखा भी नहीं."

"नहीं देखा."

लता आत गेली. आम्ही थोडा वेळ बसलो. ती बाहेर आली नाही. घरी येताना वनमालाबाईंनी माझा दंड धरला होता. एरवी त्या आधार घेत नसत.

समितीची पहिली बैठक जुलैमध्ये समाजभवनात झाली. वर्मांनी ती बोलावली हेच विशेष. साठएक माणसं आली. मी आकड्यांचा तक्ता भिंतीवर लावला होता, पण लोकांनी पाहिली ती परात. वनमालाबाईंनी नीळ, सलाइनची नळी, सगळा प्रयोग पुन्हा करून दाखवला. पेल्यात निळं पाणी पडलं.

आधी वर्माच बोलले. त्यांचा चेहरा खुलला होता. "मतलब माताजी, आप मान रही हैं कि गलती पब्लिक की है."

"पाइप नाली में हमने नहीं डाला, साहब," वनमालाबाई म्हणाल्या. "धार पतली हमने नहीं की. मोटर हमने लगाया. आप तीनों लिखिए."

वर्मांनी पेन उघडलं. मग मागून बोलणं सुरू झालं. ही सरकारची माणूस झाली. हिला समितीची खुर्ची मिळाली म्हणून बोलते. मोटर काढली तर पाणी कुठून आणायचं. गल्लीतले आमचेच एक मराठी शेजारी, रेल्वेतून निवृत्त झालेले भास्करराव बोंद्रे, उठून उभे राहिले. गल्लीतली सगळ्यात मोठी मोटर त्यांची.

"वनमालाताई, मी एकाहत्तरचा हाव. दोन मजले हायेत माहे. आता मी बादल्या उचलू काय?"

"मी उचलून राह्यली, भास्करभाऊ."

"तुमचं तुम्ही पाहा. आमच्या घरात काहून येता?"

 वनमालाबाई तशाच उभ्या राहिल्या, हातात पेला. हॉलमध्ये पुन्हा गलका झाला. मला वाटलं, बैठक इथेच मोडणार. तेवढ्यात मागच्या ओळीतून लता उठली. ती आली आहे हेच मला माहीत नव्हतं. डोक्यावरचा पदर सारखा करत ती म्हणाली, "पंद्रह दिन बंद रखो. पंद्रह दिन. मैं रोज़ सुबह गली में घूमूँगी. जिसके घर मोटर चलेगा, उसके दरवाज़े पर बैठ जाऊँगी. कुछ बोलूँगी नहीं."

तिला काय म्हणणार? बोंद्रे खाली बसले. वर्मांनी सांगितलं की पंधरा दिवस शेजारच्या दोन गल्ल्यांचं पाणी अर्धा तास मागे ढकलून घानी गल्लीला आधी पूर्ण दाबाने देता येईल. व्हॉल्व्ह उघडायला स्वतः माणूस पाठवतो. हे त्यांच्या अधिकारात होतं, फक्त आजवर कुणी मागितलं नव्हतं.

पहिले दोन दिवस मोटरी बंद राहिल्या. तिसऱ्या सकाळी बोंद्र्यांच्या घरातून घरघर ऐकू आली. लता गेली आणि त्यांच्या पायरीवर बसली. कडी वाजवली नाही, हाक मारली नाही. मी आणि वनमालाबाई समोरच्या ओट्यापाशी थांबलो. पाच मिनिटं गेली असतील. बोंद्र्यांच्या सुनेने दार उघडलं, लताला पाहिलं आणि आत गेली. आतून बोलण्याचा आवाज आला. मग मोटर थांबली. लता उठली, साडी झटकली आणि पुढच्या घराकडे चालायला लागली. वनमालाबाई तिच्या मागे गेल्या. थोड्या वेळाने मी पाहिलं तर नळ्यांची पेटी लताच्या हातात होती. ती तिने मागून घेतली की यांनी दिली, मी पाहिलं नाही.

पंधरा दिवसांपैकी तेरा दिवस शेवटच्या नळाचं पाणी पिवळं झालं. तक्ता घेऊन आम्ही तिघी झोन ऑफिसात गेलो. वर्मांनी तो पूर्ण वाचला आणि पाइप नालीतून उचलून गल्लीच्या मधून नवी लाइन टाकायचा प्रस्ताव वर पाठवला. मंजुरीला आठ महिने लागले. त्या काळात वनमालाबाई अकरा वेळा ऑफिसात गेल्या. एकदा फाइल हरवली, एकदा वर्माच रजेवर होते. मार्चमध्ये गल्ली खणली गेली आणि तीन आठवडे आम्ही सगळे फळ्यांवरून चाललो. नवी लाइन पडल्यावर धार दुप्पट झाली, आणि लोकांनी आपण होऊन सतरा मोटरी काढल्या.

सगळ्यांनी काढल्या नाहीत. मेमध्ये दाब कमी झाला की चारपाच घरांत अजूनही बटण दाबलं जातं. बोंद्र्यांनी मोटर ठेवली आहे आणि वनमालाबाईंशी बोलणं टाकलं आहे; नातवाच्या बारशाला सगळ्या गल्लीला बोलावणं होतं, यांना नव्हतं. त्यांना ते लागलं. बारशाच्या दिवशी त्यांनी घरात उगाचच शिरा केला आणि मला आग्रह करून करून वाढला. पण त्या उन्हाळ्यात गल्लीत कावीळ दोघांनाच झाली, आणि पुढच्या उन्हाळ्यात कुणालाच नाही.

लताला लिहिता-वाचता फारसं येत नाही, पण रंग ओळखण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. वनमालाबाईंना मोतीबिंदू सुरू झाला आहे; फिका पिवळा आणि पांढरा यांतला फरक आता लताच सांगते. दोघी मिळून आसपासच्या नऊ गल्ल्यांतल्या बायकांना नळ्या कशा धरायच्या ते शिकवून आल्या. समता कॉलोनी या बड्या वस्तीतल्या एका डॉक्टरांनी बोलावलं तेव्हा लता नव्या साडीत गेली आणि तिथल्या लोकांना तिने विचारलं, "आपके यहाँ आख़िरी नल किसका है?" कुणालाच सांगता आलं नाही. दोघी सकाळी तासभर बरोबर असतात. ममताचं नाव मी त्यांच्यात कधी ऐकलं नाही. एकदा, ममताच्या श्राद्धाच्या दिवशी, वनमालाबाई एकट्या निघाल्या होत्या, लता येणार नाही असं धरून. लता आपल्या दारात पेटीची वाट पाहत उभी होती.

मध्यंतरी योजना संपली आणि तिच्याबरोबर समितीही. कागदावर आता वनमालाबाई कुणी नाहीत. वर्मांची बदली झाली. जाण्याआधी ते भेटायला आले, आणि त्यांच्या आईच्या घरचं पाणी तपासून द्याल का, म्हणून बाटली देऊन गेले. त्यांच्या जागी आलेल्या तरुण अभियंत्याने पहिल्याच भेटीत सांगितलं की खासगी माणसांचे आकडे खातं धरत नाही.

"मत पकड़िए," वनमालाबाई म्हणाल्या. "आप खुद आकर नापिए. सुबह छह बजे."

तो साडेसातला आला. पाणी तोवर गेलं होतं. वनमालाबाईंनी त्याला ओट्यावर बसवलं, चहा दिला, दोन बिस्किटं दिली, घर कुठलं, लग्न झालं का, हे सगळं विचारून घेतलं, आणि उद्या सहाला ये म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी खिडकीतून पाहिलं, तेव्हा सहाला पाच मिनिटं कमी होती आणि तो गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकल उभी करत होता.